मरळीची गरी आणि लाल पिल्लांचा घोळका



मागच्या फोटोत पऱ्हाटी दाखवायची होती, पण अर्ध्या लोकांची नजर माझ्या पायाशी पडलेल्या रबरी बेडकावर गेली. "भाऊ, हे काय हाय? लेकराचं खेळणं?" असं तीन-चार जणांनी विचारलं. एका कृषी सहायक मित्रानं तर फोनच केला. तर आज पऱ्हाटी बाजूला ठेवून त्या बेडकाबद्दल लिहितो. शेततळंवाल्यांनी शेवटपर्यंत वाचावं, कारण पुढं त्यांच्या कामाचं आहे.

हा बेडूक मूळचा आपला नाही. अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. तो गरीनं पकडायचा तिकडच्या लोकांना भारी नाद. गावातली पोरं मोबाइलवर तेच व्हिडिओ पाहतात आणि विचारतात, आपल्याकडं बास कुठं मिळतो? बास नका शोधू बाप्पा, आपल्या नाल्यात मरळ आहे. दोघांच्या जाती वेगळ्या, पण शिकारीची रीत सारखीच. बास असो की मरळ, गवताच्या आडोशाला दबा धरून बसायचं, समोरून काही गेलं की झडप घालायची. म्हणून बाससाठी बनवलेलं बरंचसं सामान मरळीला जसंच्या तसं चालतं.

मोठा फरक एकच. मरळीला पाण्याबाहेरचीही हवा घ्यावी लागते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायची जागा असते, त्यामुळं थोड्या थोड्या वेळानं ती वर येऊन हवेचा घोट घेते. म्हणूनच उन्हाळ्यात डबकं आटून चिखल झाला तरी ती तग धरते, आणि म्हणूनच बाजारात ती घमेल्यात जिवंत विकायला असते. तेलंगणानं तिला राज्याचा मासा केलंय. आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा पापलेट. मारेगावातून आदिलाबाद जवळ आणि समुद्र कुठच्या कुठं, तेव्हा आमचा मासा कोणता ते तुम्हीच ठरवा.

आता सामान. आमच्या लहानपणी बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, मोरपिसाच्या देठाची तरंगी आणि गरीला गांडूळ. त्यावर शिंगटी, मांगूर, छोटे मासे लागायचे. मरळीसाठी जाणती माणसं जिवंत बेडूक टोचायची. ते मला तेव्हाही बघवत नव्हतं. शिवाय बेडूक म्हणजे वावरातला फुकटचा कीटकनाशकवाला. बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवणं आपल्या देशानं 1987 साली बंद केलं, त्यामागं हेही एक कारण होतं. रबरी बेडकामुळं तो खरा बेडूक वाचतो, हा माझ्या हिशेबी पहिला फायदा.

दुसरा फायदा त्याच्या बनावटीत आहे. बेडूक आतून पोकळ असतो आणि दोन्ही गऱ्या पाठीला चिकटून, टोकं वर करून बसवलेल्या असतात. त्यामुळं शेवाळ, पाणकणीस, बेशरमाची झुडपं यांच्यावरून ओढला तरी तो अडकत नाही. मरळीनं तोंडात दाबला की रबर चेपतं आणि गऱ्या उघड्या पडतात.

काठी साडेसहा ते सात फुटांची, जरा ताठ घ्यावी. दुकानात मीडियम हेवी म्हणून मागा. रीळ मध्यम. दोरा मात्र तंगूस नको, विणलेला घ्या, ज्याला ब्रेडेड म्हणतात, तीस ते चाळीस पौंडांचा. कारण तंगूस ताणतो. मरळ गवतात शिरली आणि दोरा ताणत राहिला की ती बुडख्याला वेढा घालून मोकळी होते. विणलेला दोरा ताणत नाही, गवत कापत बाहेर येतो. उघड्या बोटाला मात्र तोच दोरा पात्यासारखा लागतो. पक्कड खिशात पाहिजेच, मरळीच्या तोंडात दात आहेत आणि ते दिसतात त्यापेक्षा जास्त आहेत. महागडं सामान पहिल्याच दिवशी घेऊ नका. साध्या काठीवर हात बसला की मग बघा.

टाकायचा कुठं? पहाटे किंवा दिवस कलताना काठावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. मरळ हवा घ्यायला येते तेव्हा "टप्प" असा आवाज होतो आणि पाण्यावर कडं उमटतं. नवखा माणूस बेडूक त्या कड्यावरच आदळतो, अन् मरळ पळते. कड्याच्या तीन-चार फूट पलीकडं टाकायचा आणि त्या जागेवरून हळू ओढत आणायचा. दोन झटके, थांबा. पुन्हा दोन झटके, थांबा. बहुतेक वेळा ती थांबल्यावरच झडप घालते. सावली पाण्यावर पडू देऊ नका. काठावर धपधप पाय आपटत चालू नका, मातीतून तो धक्का पाण्यात जातो. काळ्या मातीचं गढूळ पाणी असेल तर आणखी हळू ओढा, तिला दिसण्यापेक्षा पाण्याच्या हालचालीवरूनच जास्त कळतं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. पाणी फुटलं, बेडूक गायब झाला की हात आपोआप काठी खेचतो. खेचू नका. मनात एक, दोन म्हणा, दोऱ्यावर वजन जाणवू द्या, मग जोरात. एवढं "एक, दोन" म्हणायला मला स्वतःला दोन हंगाम लागले. माझ्याबरोबर येणारा भाचा, वय बारा, पहिल्याच दिवशी शिकला. त्याला कापसाच्या भावाची चिंता नाही म्हणून असेल.

कुठंही जाऊन काठी टाकू नका, एवढं मधेच सांगतो. नवरगावच्या धरणासारखं पाणी असो की गावतलाव, मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेकडं असतो, आणि त्या संस्थेत ढीवर-भोई समाजाची माणसं पोट भरत असतात. आपला शौक, त्यांची भाकर. आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात आणि मासा कुठं बसलाय हेही सांगतात, ते ज्ञान कुठल्याच व्हिडिओत नाही.

आता शेततळ्याकडं येतो. "मागेल त्याला शेततळे" 2016 साली आलं तेव्हापासून आपल्या भागात तीस बाय तीस मीटरची तळी बरीच झाली. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात मरळ सहसा येत नाही. पण मातीचं तळं नाल्याला लागून असेल तर पावसाळ्यात पूर आला की मरळ न बोलावता येते. ओल्या गवतावरून, बांधावरून सरपटत येताना मी स्वतः पाहिलीय. मग तुम्ही रोहू-कटल्याची बोटुकली सोडता आणि ती मेजवानीला बसते. दिवाळीनंतर जाळं फिरवलं की मोजकेच मासे निघतात, आणि आपण बीज विकणाऱ्याला शिव्या देतो.

यावर माझा उपाय दोन भागांत आहे. बोटुकली मोठी घ्या, चार इंचांच्या आसपास. दोन पैसे जास्त जातील, पण लहान मरळीच्या तोंडात मावणार नाही. आणि हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत गरीनं मरळ काढत राहा. जाळ्यात सगळंच येतं, गरीला नेमकी शिकारीच लागते. बाजारात रोहूपेक्षा तिला भाव चांगला, चवीला काटे कमी. घरी आजारी माणूस असेल तर आई आजही मरळीचाच रस्सा करते.

पण जून ते पोळा या काळात माझी काठी टिनाच्या शेडमध्ये टांगलेली असते. त्यावरून धुऱ्यापलीकडच्या भावाशी माझा वाद आहे, तो सांगतो.

पाऊस लागला की मरळीचं जोडपं काठाच्या उथळ पाण्यात, गवत बाजूला सारून थाळीएवढी जागा मोकळी करतं आणि तिथं तरंगणारी अंडी घालतं. एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात. थोडी वाढली की त्यांचा रंग तांबडा-केशरी होतो, आणि शेकडो पिल्लांचा घोळका पाण्यावर एकदम वर येतो, हवा घेतो, पुन्हा खाली जातो. लांबून पाहिलं तर पाण्याला उकळी आल्यासारखं वाटतं. त्या घोळक्याच्या खाली आई-बाप असतात. जवळजवळ महिनाभर राखण करतात. खंड्या आला, पाणसाप आला, दुसरा मासा आला, की अंगावर धावून जातात.

ही गोष्ट गरीवाल्यांना चांगली ठाऊक असते. घोळक्यावर बेडूक टाकला की राखण करणारी मरळ भूक नसतानाही हमखास तोंड मारते. पावसाळ्यात मोठ्या मरळीसोबत काढलेले फोटो दिसतात त्यातले कितीतरी असेच असतात. त्यात कसब काहीच नाही. घरच्या दारावर लेकरासाठी उभ्या असलेल्या माणसाला धरल्यासारखं आहे ते. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये नाल्याच्या डोहावर दोन अनोळखी पोरांनी अशी जोडी काढली. दुसऱ्या दिवशी मी भाच्याला घेऊन गेलो तर घोळका विस्कटलेला, दोन खंड्या फांदीवर, आणि चिलापी खालून पिल्लं टिपत होते. चार दिवसांनी तिथं लाल ठिपका दिसला नाही.

भावाचं म्हणणं असं, "थे मरळ माया बोटुकल्या खाते, मंग तिची पिल्लं मी काहून सांभाळू?" त्याच्या तळ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. तळ्यातली मरळ त्यानं काढावी, मी अडवत नाही. माझं म्हणणं नाल्याबद्दल आहे. रोहूची मादी वजनाच्या किलोमागं दोन लाखांच्या वर अंडी देते, तिचं बीज केंद्रातून विकत मिळतं. मरळीची अंडी काही हजार, आणि आपल्या नाल्यात तिचं बीज कोणी आणून सोडत नाही. जे आहे ते त्या जोडप्याच्या राखणीवर आहे.

बासच्या बाबतीतही हेच. तिथं नर घरटं राखतो. त्याला पकडून लगेच परत सोडलं तरी तेवढ्या वेळात दुसरे मासे घरट्यावर तुटून पडतात, हे तिकडच्या अभ्यासकांनी मोजून दाखवलंय. अमेरिकेत रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या माणसानं 1967 साली बासच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि 1972 पासून पकडलेला मासा जिवंत परत सोडायची रीत त्याच स्पर्धांतून रुजवली. ती रीत चांगली, मीही लहान मरळ सोडतो. हात ओले करून धरायचं, गरीचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून ठेवायचा, कल्ल्यात बोट घालायचं नाही. पण पिल्लांवरची मरळ धरून सोडणं हा उपाय नव्हे. तिथं गरी टाकायचीच नाही.

आमच्या नाल्यात मरळ कमी व्हायचं दुसरं कारण गरी नाही, फवारणी आहे. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषानं माणसं गेली तेव्हा हातमोजे, तोंडावर कपडा यावर बोलणं सुरू झालं. पंप कुठं धुतो यावर अजून कोणी बोलत नाही. सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन ही औषधं माशाला फार थोड्या मात्रेत मारतात. नाल्याच्या वरच्या अंगाला कोणीतरी पंप खळबळून धुतो, आणि खाली तीन डोहांतले मासे पांढरं पोट वर करून तरंगतात. मोठी मरळ एखादवेळ वाचेल, लाल पिल्लं नाही वाचत. पंपाचं धुणं पाण्यापासून लांब, पडीक धुऱ्यावर ओतावं. यात खर्च शून्य आहे. कृषी सहायक मंडळींनी शेतीशाळेत एवढं एक वाक्य घातलं तर बरं होईल.

भंडाऱ्याकडं ढीवर समाजाच्या लोकांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत मामा तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा देशी मासेही परत वाढले. मी यंदा तळ्याच्या नाल्याकडच्या कोपऱ्यातलं गवत कापलेलं नाही. भाऊ म्हणतो, आळस. काल संध्याकाळी त्याच कोपऱ्यात पाण्याला उकळी आली होती, मुठीएवढी.

तुमच्याकडच्या नाल्यात, वर्धा नदीच्या काठाला, कुंभा-मार्डीकडं यंदा लाल पिल्लं दिसली का ते खाली लिहा. गावाचं नाव लिहा, डोहाची नेमकी जागा लिहू नका.