पुढच्या वर्षीचं इंजिन

आमच्या घरात नवं वर्ष कॅलेंडर बदलून सुरू होत नाही, की संक्रांतीच्या तिळगुळानेही नाही. ते सुरू होतं इंजिनांच्या यादीने. जानेवारी उजाडला की युरोपातल्या छोट्या रेल्वे बनवणाऱ्या कंपन्या आपली नवी मॉडेल्स जाहीर करू लागतात. त्याच सुमारास जर्मनीत न्युरेंबर्गला खेळण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. १९५० पासूनची ती परंपरा आहे. त्या दिवसांत आमच्या ह्यांची अवस्था दहावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखी होते. कॉफी समोर गार होते आणि मी तीनदा हाक मारली तरी ‘ओ’ येत नाही.

हे बँकेतून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. बनशंकरी दुसऱ्या स्टेजमधल्या आमच्या घरात मागच्या खोलीत एक फळी आहे, साधारण एका पलंगाएवढी. तिच्यावर रूळ, बोगदा, स्टेशन आणि एक घाट. बाहेर कनकपुरा रोडवर बसचे हॉर्न, २०१७ पासून आमच्याकडे आलेली मेट्रो, आणि आत हे फळीवरचं शांत जग. या गाड्या ‘एन’ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या १६० पट लहान. दोन रुळांमधलं अंतर फक्त ९ मिलिमीटर. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. तिथल्या गाड्या ८७ पट लहान, म्हणजे आमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. ते पाहून आल्यावर हे म्हणाले, “एवढं मोठं करायचं तर आपल्याला स्वयंपाकघर सोडावं लागेल.” मी म्हटलं, “मग आहे तेच बरं!”

तुम्ही म्हणाल, डिझेलची, विजेची इंजिनंही मिळत असतीलच की. मिळतात, आणि ती बनवायला सोपीही असतात. पण ह्यांना हवं वाफेचंच. त्या इंजिनाची मोठी चाकं, त्यांना जोडणारे दांडे, पुढेमागे सरकणारा दट्ट्याचा दांडा, हे सगळं उघड्यावर असतं. १६० पट लहान करूनही ते हलताना दिसायला हवं. मोटर बसवायला बॉयलरमध्ये जागा पुरत नाही, म्हणून पुष्कळदा ती मागच्या कोळशाच्या डब्यात लपवतात. साचे करायला खर्च फार, म्हणून कंपनी आधी नुसती घोषणा करते आणि मागणी नोंदवून घेते. मग संगणकावरचं चित्र, मग बिनरंगाचा नमुना, मग रंगवलेला नमुना. घोषणेपासून इंजिन हातात येईपर्यंत वर्ष, दोन वर्षंही जातात. तोवर करायचं काय? वाट पाहायची!

वाफेच्या इंजिनांशी माझं नातं मात्र ह्यांच्याहून जुनं आहे. माझे वडील मिरजेच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. मीटरगेजवरचं ‘वायपी’ इंजिन त्यांच्या बोलण्यात घरच्या माणसासारखं यायचं. रात्री-अपरात्री शेडमधला माणूस ड्यूटीचा निरोप घेऊन दारावर थाप मारी आणि आई स्टोव्ह पेटवी. वडील परत येत तेव्हा त्यांच्या कपड्यांतून कोळशाचा आणि तेलाचा वास येई. आई ते कपडे धुण्याच्या सोड्यात वेगळे भिजवायची. लग्नानंतर १९८१ साली आम्ही बंगळूरला बदलीवर आलो, तेव्हा मिरजेला ब्रॉडगेजची गाडी सोडून मीटरगेजच्या गाडीत बसावं लागे. तेव्हा वडील फलाटावर आले होते. आमच्या ट्रंका चढवून झाल्यावर ते आम्हाला विसरून इंजिनाकडेच चालत गेले.

ती इंजिनं आता नाहीत. चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेची इंजिनं बनणं १९७२ मध्ये थांबलं. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात थांबली. वडीलही गेले. म्हणून दर जानेवारीत ह्यांची यादी वाचून झाली की मी सहज विचारते, “वायपी आहे का हो?” हे मान हलवतात. आपलं वायपी अजून तरी ह्यांना कुठल्याच यादीत दिसलेलं नाही. ज्या इंजिनाला गिऱ्हाईक जास्त, त्याचा साचा आधी. हिशेब सरळ आहे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. एका कंपनीने जर्मनीच्या ‘०१’ वर्गाच्या एक्सप्रेस इंजिनाची घोषणा केली. १९२६ पासून धावू लागलेलं हे इंजिन. पुढे चार चाकं, मध्ये मोठी सहा, मागे दोन. हे मला म्हणाले, “अगं, चाकांची मांडणी अगदी आपल्या वायपीची! आप्पांना दाखवलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं.” खरं इंजिन जवळजवळ २४ मीटर लांब. आमच्याकडे येणार ते १५ सेंटिमीटरचं. त्याच रात्री मागणी नोंदवली गेली.

किमतीबद्दल न बोललेलं बरं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. कस्टमच्या लेखी छोटी रेल्वेही खेळण्यांतच मोडते. ह्यांनी दोन वर्षं नवा स्वेटर घेतला नाही आणि दर महिन्याला एका डब्यात पैसे टाकले. त्यामुळे मला बोलायला जागाच उरली नाही.

पण मध्येच एक वेगळीच गोष्ट घडली. ह्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी कपबशी वाजायची, मग सही बिघडली. डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं निदान केलं आणि औषधं सुरू झाली. ९ मिलिमीटरच्या रुळावर इंजिन ठेवायचं म्हणजे स्थिर हाताचं काम. ‘०१’ ला मागच्या डब्यासकट २० चाकं, आणि त्यांतलं एक जरी रुळाबाहेर राहिलं तरी गाडी हलत नाही. एके संध्याकाळी मागच्या खोलीतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. जाऊन पाहिलं तर एक मालडबा फळीवर आडवा पडलेला आणि हे हात मांडीखाली दाबून बसलेले.

मुलाचा फोन आला. तो काळजीनेच म्हणाला, “आई, बाबांना ती ऑर्डर रद्द करायला सांग. आता कशाला? पैसे औषधाला ठेवा.” त्यातच कंपनीने तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलली होती. ह्यांनीही रात्री जेवताना विषय काढला. “रद्द करून टाकतो. इंजिन येईल तेव्हा माझा हात कुठे असेल कोण जाणे.”

मी लगेच काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. राहुकाळात बनशंकरीच्या देवळात मोठी रांग असते. लिंबू अर्धं कापायचं, साल उलटी करून वाटी करायची, तिच्यात तूप-वात लावायची. रांगेतल्या बायका कशासाठी उभ्या असतात? कुणाला मुलीचं लग्न जमायचं असतं, कुणाला नोकरी, कुणाला बरं वाटायचं असतं. पुढे काहीतरी येणार आहे, या भरवशावर त्या पुढच्या शुक्रवारीही येतात. मला वाटलं, ह्यांच्या रांगेतून ह्यांना बाहेर काढायचा हक्क माझा नाही, मुलाचा नाही आणि त्या आजाराचा तर मुळीच नाही.

संध्याकाळी मी मुलाला फोन करून सांगितलं, “ऑर्डर राहू दे.” आणि ह्यांना म्हटलं, “गाडी रुळावर कशी ठेवायची, मला शिकवा.”

गाडी रुळावर चढवायला प्लॅस्टिकची एक छोटी उतरण मिळते. डबा तिच्यावर ठेवून हलकेच ढकलला की चाकं आपोआप रुळावर बसतात. ह्यांना ती पूर्वी कमीपणाची वाटायची. आता त्या उतरणीवरून मी रोज एकेक डबा चढवते आणि हे शेजारी खुर्चीत बसून सूचना देतात. “अगं, हळू! पुढचं चाक बघ.” बटण मात्र ह्यांच्याच हातात असतं. ते फिरवायला थरथरता हातही चालतो. गाडी बोगद्यात शिरली की दोघंही पलीकडच्या तोंडाकडे बघत राहतो.

‘०१’ अजून आलेलं नाही. नवी तारीख पुढच्या वर्षाची आहे. स्टेशनजवळच्या बाजूच्या रुळावर आम्ही १५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली आहे. परवा शेजारच्या आजी चकल्या घेऊन आल्या आणि कन्नडमध्ये विचारू लागल्या, इथे काहीच का नाही ठेवलं? ह्यांनी मोठ्या रुबाबात सांगितलं, “बरुत्ते, अम्मा.” म्हणजे, येणार आहे.