जांबोटीच्या डोहावर

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता पिरनवाडी मागे टाकून पुढे निघाला की हळूहळू हवा पालटते. शेते विरळ होत जातात, झाडी दाट होत जाते आणि उन्हातही अंगास गारवा लागतो. कुसमळीजवळ हा रस्ता मलप्रभा नदी ओलांडतो व पुढे खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव लागते. आमच्या वाचकांपैकी कित्येकजण गोव्यास जाता-येता या गावावरून गेले असतील, चहापुरते थांबलेही असतील. परंतु रस्ता सोडून नदीपर्यंत उतरण्याची सवड फार थोड्यांना मिळते. गेल्या मार्च महिन्यात ती आम्हांस मिळाली आणि त्या एका सकाळीत आम्ही जे शिकलो ते वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी राहतात. ते रजेवर घरी आले होते. त्यांना गळाने मासे धरण्याचा मोठा छंद. येताना त्यांनी तिकडची घडीची काठी, दोरी गुंडाळण्याचे चाक आणि शिशाची वजने बरोबर आणली होती. “फादर, नदीवर याल का?” असे त्यांनी विचारले आणि आम्ही आनंदाने होकार दिला. वाट दाखविण्यास त्यांच्या आईच्या माहेरचे एक वृद्ध गृहस्थ आले. सारे त्यांना मामा म्हणत. आम्हीही तसेच म्हणू लागलो.

मलप्रभेचा उगम जांबोटीच्या पश्चिमेस कणकुंबी येथे होतो. येथून समुद्र फार दूर नाही. पण ही नदी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते, हब्बनहट्टीच्या मारुतीवरून खानापुराकडे वळते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात विसावते आणि एकंदर ३०४ किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. याच रानात जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेस उतरते व गोव्यात मांडवी या नावाने समुद्रास मिळते. एकाच रानातील पावसाचे काही पाणी असे अरबी समुद्रास जाते आणि काही बंगालच्या उपसागरास! पावसाळ्यात मलप्रभा येथे दुथडी भरून वाहते. उन्हाळ्यात तिची धार बारीक होते, आणि खडकांच्या वळणावळणांवर शांत, हिरवे डोह तेवढे उरतात. मासळीचे उन्हाळ्यातील घर म्हणजे हे डोह.

आमच्या पाहुण्यांनी तिकडच्या रीतीने आरंभ केला. पोर्टलंड शहरातून विलमेट नदी वाहते व ती पुढे कोलंबिया नदीस मिळते. वसंत ऋतूत या नद्यांत समुद्रातून चिनूक नावाचे सामन मासे चढतात. गोड्या पाण्यात जन्मून समुद्रात वाढलेला हा मासा अंडी घालण्यास पुन्हा नदीत येतो आणि अंडी घातल्यावर मरतो. पहिल्या पावसात आपल्याकडेही ओढ्या-नाल्यांतून मासे वर चढतात. त्यांस आपण चढणीचे मासे म्हणतो. सामन हा त्याच जातीचा नव्हे, पण चाल तीच.

तिकडे हा मासा धरण्यासाठी होडी अगदी सावकाश चालवितात आणि आमिष लावलेला गळ तिच्यामागून पाण्यात ओढीत नेतात. नदीत शिरलेला सामन अन्न खाणे जवळजवळ सोडून देतो. तरी समोरून काही लुकलुकत गेले तर सवयीने म्हणा, चिडून म्हणा, त्यावर झडप घालतो. मात्र ते त्याच्या तोंडासमोरून गेले पाहिजे. वरच्या धारेचा जोर टाळण्यासाठी हा मासा बहुधा तळाच्या आसऱ्याने चालतो, कारण तळाशी दगडगोट्यांमुळे पाण्याची ओढ कमी असते. म्हणून सारी विद्या एका प्रश्नापाशी येऊन थांबते: गळ नेमका किती खोल आहे?

होडी नसल्यामुळे आमचे पाहुणे काठाकाठाने चालत गळ ओढू लागले. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या. मासा काही लागेना. मामा एका खडकावर बसून पाहत होते. अखेरीस ते म्हणाले, “बाळा, दोरी किती सोडलीस?”

“तीस फूट, मामा.”

“ती दोरी झाली. गळ किती खोल हाय?”

पाहुणे हसले, पण प्रश्न त्यांना पटला. दोरी सरळ खाली लोंबत असेल तरच तीस फूट दोरी म्हणजे तीस फूट खोली. ती पाण्याच्या पृष्ठभागाशी अर्ध्या काटकोनात तिरकी झाली तर गळ सुमारे एकवीस फुटांवर असतो. आणखी आडवी होऊन कोन तीस अंशांचा झाला तर अवघ्या पंधरा फुटांवर. जितक्या वेगाने ओढावे तितकी दोरी आडवी होते व गळ वर येतो. वेग कमी केला किंवा शिसे वाढविले की तो खाली बसतो. तिकडचे जाणते लोक म्हणूनच दोरीच्या आकड्यावर विसंबत नाहीत. ते शिसे तळास टेकू देतात, तळ लागल्याचा हिसका हातास कळला की दोरी थोडी वर घेतात, आणि तळ बदलेल तसतसे पुनःपुन्हा हेच करतात. “हे मला ठाऊक होतं, फादर,” पाहुणे ओशाळून म्हणाले, “पण इथलं पाणी इतकं नितळ, की सारं दिसतंच आहे असं वाटलं.”

पुढच्याच फेरीत त्यांचा गळ तळाच्या खडकात अडकला. काठापासून चार पावलांवर पाणी इतके स्वच्छ होते की तळाचे गोटे मोजता यावेत. आमच्या अंदाजाने ते कमरेइतके असावे. आम्ही पायांतील वहाणा काढल्या, कपडे आवरले आणि गळ सोडविण्यास पाण्यात पाऊल टाकणार तोच मामांनी आमचा दंड धरला.

“फादर, थांबा. पाणी दिसतं तेवढं नसतं.”

त्यांनी खिशातून एक सुतळी काढली. तिला हाताहातावर गाठी मारलेल्या होत्या व टोकास मुठीएवढा दगड बांधला होता. आम्ही जेथे उतरणार होतो तेथे त्यांनी तो सोडला. एक गाठ बुडाली, दोन बुडाल्या, तीन, चार; पाचवी बुडाली तेव्हा कोठे सुतळी सैल पडली. पाच हात, म्हणजे साडेसात फूट! वाचकहो, आम्हांस पोहता येत नाही.

असे का दिसते याचे कारण शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात असते; आम्ही ते शिकलोही होतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाशाचा किरण वाकतो. त्यामुळे अगदी वरून सरळ खाली पाहिले तरी बारा फूट पाणी नऊ फूट भासते. आणि काठावरून तिरके पाहिले तर ते त्याहूनही पुष्कळ उथळ भासते. पाणी जितके नितळ, तितका विश्वास अधिक व तितका धोकाही अधिक. गढूळ पाण्यास माणूस भितो. नितळ पाण्यात तो हसत उतरतो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग सुतळी गुंडाळता गुंडाळता त्यांनी सांगितले, की पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या बहिणीचा मुलगा अशाच एका डोहात गेला. सुट्टीत आला होता, अकरा वर्षांचा होता. आदल्या वर्षी तो त्याच जागी छातीभर पाण्यात खेळला होता. मध्यंतरीच्या पावसाळ्यात पुराने तेथील वाळू खरवडून नेली होती, हे कोणास ठाऊक नव्हते. “गेल्या सालची खोली यंदा चालत नाही, फादर,” ते म्हणाले. “तवापासून दरसाल पाणी उतरलं की मी ही सुतळी घेऊन फिरतो. पोरांना जागा दाखवतो. मासे काय, ते मागाहून.”

आम्ही दोघेही निःशब्द झालो. ज्या विद्येस आम्ही छंद समजत होतो, ती या वृद्धाने दुःखातून मिळविली होती.

त्यानंतर मामांनी स्वतःचा गळ काढला. साधी बांबूची काठी, दोरी, लहानसे शिसे, गांडुळाचे आमिष आणि वर तरंगण्यास भेंडाचा तुकडा. सुतळीने डोह मोजून त्यांनी भेंड अशा बेताने बांधले की गळ तळापासून वीतभर वर लोंबावा. तळास टेकला तर खडकात अडकतो. फार वर राहिला तर माशास दिसत नाही. कोणता मासा कोठे, हेही त्यांनी सांगितले. शिंगटी तळाशी चरते. वाम खडकाच्या कपारीत दडते. मरळ खोल गेली तरी हवा घेण्यास तिला वर यावेच लागते. म्हणजे ‘योग्य खोली’ ही एकच नसते. ज्याच्या भेटीस जावयाचे त्याचे घर कोठे आहे, हे आधी विचारावे लागते. अर्ध्या तासात एक शिंगटी लागली. दुसरी अगदीच लहान निघाली. ती मामांनी ओल्या हाताने सोडवून पुन्हा पाण्यात सोडली. पाहुण्यांनी सांगितले, की तिकडेही पैदास केंद्रात वाढविलेल्या सामनांचा शेपटीजवळचा लहानसा पर कापून खूण करतात, आणि पुष्कळ ठिकाणी तो पर शाबूत असलेला रानटी सामन पाण्यात परत सोडावा लागतो.

काही ठिकाणी लोक डोहात सुरुंग उडवितात किंवा विषारी पूड टाकतात. त्यास खोली मोजावी लागत नाही, माशाचे घर विचारावे लागत नाही. पिल्लासकट सारा डोह मरतो. १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेच हे दोन्ही प्रकार गुन्हा ठरविले. कायदा नसता तरी ते पाप ठरले असते.

गालील सरोवरावर रात्रभर श्रम करून रिकाम्या हातांनी परतलेल्या शिमोनास प्रभूने नाव खोल पाण्यात नेण्यास सांगितले, हा प्रसंग आपण सर्व जाणतो. शिमोन कसलेला कोळी होता. त्या पाण्याची खोली आपणांस ठाऊक आहे, असे तो म्हणू शकला असता. तरी त्याने ऐकले. ठाऊक असलेल्या पाण्याविषयी दुसऱ्याचे ऐकणे किती अवघड असते, हे आम्हांस त्या सकाळी मामांनी दंड धरला तेव्हा उमगले.

परतताना मामांनी ती गाठींची सुतळी आमच्या हाती ठेवली व म्हणाले, “तुमच्या गावालाबी नदी हाय.” ती आता आमच्या टेबलावर आहे. उन्हाळ्याची सुट्टी येईल तेव्हा मुले पाण्याकडे धावतीलच. त्यांस अडवून ती थांबणार नाहीत. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी एक दिवस काढून, दोरीस दगड बांधून, आपल्या गावच्या डोहावर मुलांसह जावे आणि त्यांच्या हातांनीच तळ मोजून घ्यावा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजावा.