मग तो गेला का?

आमच्या शाळेत इंग्रजीचं व्याकरण गणितासारखं शिकवायचे. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, नववीचा वर्ग. सर फळ्यावर सूत्र लिहायचे: ऑब्जेक्ट पुढे आणा, 'टू बी'चं रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप, मग 'बाय'. झालं पॅसिव्ह. वर्गात एकालाही इंग्रजी बोलता यायचं नाही, पण 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'मध्ये आमचे मार्क जायचे नाहीत.

एकदा सरांनी पुस्तकाबाहेरची कविता फळ्यावर उतरवली. रॉबर्ट फ्रॉस्टची 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग'. 1923 साली छापून आलेली, अवघ्या 16 ओळींची. संध्याकाळी घोडागाडीतून जाणारा एक माणूस रानात पडणारा बर्फ बघायला थांबतो, एवढीच गोष्ट. आम्ही बर्फ पाहिलेला तो गोळ्याच्या गाडीवर. पण सरांनी यमकं दाखवली आणि मला मजा वाटली. पहिल्या तीन कडव्यांत तिसरी ओळ यमकात बसत नाही, पण पुढचं कडवं नेमकं तिचंच यमक उचलतं. शेवटच्या कडव्यात चारही ओळींचं यमक एकच. पुढे कॉलेजात लिंक्ड लिस्ट शिकवली तेव्हा मला हीच कविता आठवली.

सरांनी सांगितलं की नेहरूंनी या कवितेच्या शेवटच्या ओळी स्वतः लिहून टेबलावर ठेवल्या होत्या. तात्पर्य: मोह टाळा, कर्तव्य करा. चाचणीत प्रश्न आला, तो माणूस का निघून जातो? मी लिहिलं, कारण त्याला दिलेले शब्द पाळायचे असतात. पूर्ण मार्क.

घरी मी ती मोठ्याने पाठ करत होतो. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय बडबडतुयास रं?" मी गोष्ट सांगितली.

"मग त्यो गेला का?"

"गेला की. कामं होती त्याला."

"थांबला असता घटकाभर. काय बिघडलं असतं?"

मी हसलो. आजीला कविता कळली नाही असं मला वाटलं.

पुढे पुण्यात नोकरी लागली. आजीचा फोन यायचा, "कवा येतुयास?" मी म्हणायचो, रिलीज झाला की. एक रिलीज संपला की दुसरा यायचा. ती आजारी पडली तेव्हाही मी म्हणालो, रविवारी नक्की येतो. ती शुक्रवारी गेली. मी गावी पोचलो तेव्हा पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप होता आणि तो चार्ज केलेला होता. याची मला अजून लाज वाटते.

दहाव्याला माळ्यावर नववीची वही सापडली. त्यात ती कविता होती आणि पुढच्याच पानावर सरांचा धडा, 'नॉन-फायनाइट'. कर्ता बदलला, काळ बदलला, तरी जे रूप बदलत नाही ते. उदाहरणं दोन: जेरंड आणि इन्फिनिटिव्ह. मी सवयीने कवितेतली क्रियापदं शोधत गेलो, कोडमध्ये बग शोधावा तसा.

घोडा घुंगरं हलवतो, वर्तमानकाळ. रान सुंदर आहे, वर्तमानकाळ. आणि जाणं? ते फक्त शेवटी येतं, तेही इन्फिनिटिव्ह म्हणून. अजून जायचं आहे, इतकंच. तो निघाला, त्याने लगाम ओढला, असं सांगणारं एकही क्रियापद कवितेत नाही. आणि शीर्षकात काय आहे? थांबणं. जेरंड. क्रियापदाचं झालेलं नाम.

नंतर तो गेला असेलही. त्याला कामं आहेतच, ती कवितेनेही नाकारलेली नाहीत. पण त्या 16 ओळींत तो थांबलेलाच आहे. शंभर वर्षं उलटली तरी तिथेच उभा आहे. मला पूर्ण मार्क मिळालेलं उत्तर कवितेत लिहिलेलंच नव्हतं.

सरांना मी दोष देत नाही. त्यांनी दिलेल्या व्याकरणानेच मला हे दिसलं. ते व्याकरण मी फक्त मार्कांसाठी वापरलं. आजीला तर इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तरी नेमका प्रश्न तिनेच विचारला होता, आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं होतं.

गेला नव्हता गं आजी. थांबला होता.