खुंट्यावरचे चार हात

१९८८ साली अमेरिकेत ‘द जड्स’ या जोडीच्या गाजलेल्या गाण्यांचा निवडक संग्रह प्रसिद्ध झाला. नेओमी आणि वायनोना या केंटकीकडच्या मायलेकी. आई पेशाने परिचारिका होती. ‘कंट्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिकडच्या ग्रामीण संगीतात पाऊल ठेवल्यापासून पाच-सहा वर्षांच्या आतच त्यांची ‘निवडक’ गाणी काढावीत, असे ध्वनिमुद्रिका कंपनीला वाटले. मुखपृष्ठावर दोघींचे छायाचित्र, मागे गाण्यांची यादी. गाणे कोणाचे, हे विचारण्याची सोयच नाही.

आता नकाशावर परभणी जिल्हा काढावा. गोदावरीच्या काठचे गंगाखेड आणि त्याच तालुक्यातले राणीसावरगाव. या मुलखातही मायलेकी, सासवा-सुना, जावा-जावा शतकानुशतके जोडीने गात आल्या. त्यांच्या गाण्यांचा निवडक संग्रह करायचा झाला तर तो कोणी करावा, कशाच्या आधारे करावा, आणि मुखपृष्ठावर नाव कोणाचे घालावे?

प्रश्न वाटतो तितका खेळकर नाही. त्यासाठी आधी जात्यापाशी बसावे लागते.

जाते म्हणजे दोन दगडी तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीच्या तोंडात मूठमूठ धान्य टाकायचे, त्याला वैरण म्हणतात. कडेला लाकडी खुंटा. ज्वारीचे पायलीभर दळण एकटीने ओढणे म्हणजे खांदे भरून येणे. म्हणून समोरासमोर दोघी बसत आणि एकाच खुंट्यावर चार हात पडत. एकीने ओवी काढायची, दुसरीने ती उचलायची. जी गात नसेल तिला दम घ्यायला फुरसत मिळे. दोघींच्या गाण्याचे मूळ असे श्रमाच्या वाटणीत आहे. हौस, भक्ती आणि दुःख त्यावर नंतर चढले. पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष झोपेत असताना, सासुरवासाबद्दल जे बोलायला बंदी होती ते गायला मात्र मोकळीक होती. दगडाच्या घरघरीत शब्द अर्धे लपत, हाही एक आडोसाच.

ही रीत किती जुनी, याला लेखी पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्ती, पाककृती, मल्लविद्या, संगीत असे सारे काही असलेला हा राजाचा ज्ञानकोशच. महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षांहून अधिक आधीची ही नोंद. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण; मराठवाड्याला ते काही परके नाही. राजाने मुसळाजवळचे गाणे ऐकले आणि ग्रंथात घेतले. गाणारीचे नाव घेण्याचे मात्र त्याला कारण दिसले नसावे.

नाव राहिले ते एकीचे. जनाबाईचा जन्म परंपरेने गंगाखेडचा मानला जातो. आयुष्य पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासीपणात गेले. तिच्या अभंगांत आणि तिच्यावरच्या लोककथांत विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळू लागतो. भक्तीच्या अंगाने या प्रसंगाचे पुष्कळ विवरण झाले आहे. पण साधी गोष्ट अशी की दळायला जोडीदारीण लागते, आणि दासीला ती कोण देणार? जनाबाईच्या खुंट्यावरचे दुसरे दोन हात देवाचे आहेत, यात तिच्या एकटेपणाचा जेवढा पुरावा आहे तेवढा कुठल्याही चरित्रात सापडायचा नाही.

विसाव्या शतकात संकलनाला वेग आला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५१मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर हाती आली आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. मुलगा कवी होता म्हणून त्या वाचल्या. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते, त्यांची गाणी गेली. शिवाय कागदावर उतरले ते शब्द. चाल, श्वास, दुसरीने ओवी उचलतानाचा तो किंचित उशीर, हे पुस्तकाला पेलणारे नव्हते.

ती उणीव भरून काढणारे दोघेच होते, आणि खरे तर या कथेतली जोडी तीच. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हाँ. पुणे जिल्ह्यातील डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून त्यांना जात्यावरच्या ओव्यांची ओळख झाली. गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या मदतीने पुढील सुमारे दोन दशकांत हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर गायिकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी उतरवून घेतल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे फ्रेंच अभ्यासक आणि संगणकतज्ज्ञ सामील झाले. जवळपास १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटव्हाँ २००४मध्ये गेले, हेमाताई २०१०मध्ये. २०१७पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहातून टप्प्याटप्प्याने ऐकायला मिळू लागला.

या संग्रहाची मांडणी पाहण्यासारखी आहे. प्रत्येक ओवीला विषय आहे, गाव आहे, गाणारीचे नाव आहे. सीतेचा वनवास, भाऊ, लेक, पाऊस, नवऱ्याचा मार. पण ‘सर्वोत्कृष्ट’ असा वर्ग कुठेच नाही. दहा गावांत जवळजवळ सारखीच ओवी मिळाली तरी दहाही ठेवल्या आहेत. कंपनीच्या हिशेबाने हा शुद्ध अव्यवहार. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्या दहांतला एखाद्या शब्दाचा फरकच हवा असतो. ओवीवर तारीख नसते. तीत आगगाडी आली, मोटार आली, बाबासाहेब आले, की त्या शब्दांवरून थर ओळखता येतात. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या याच संग्रहात आहेत. मराठवाड्यातल्या दलित चळवळीचा इतिहास लिहिताना वृत्तपत्रे आणि ठराव चाळणाऱ्यांनी त्या ऐकायला हव्यात. निवडीची कात्री लागली असती तर आधी कोणत्या ओव्या गळाल्या असत्या, हे सांगायला नको.

परभणी जिल्ह्याचा आवाजही त्यात आहे. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा. सुरेलपणाच्या स्पर्धेत तो किती टिकला असता, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतच नाही.

मुद्रण झाले तेव्हा बहुतेक गावांत जाती बाजूला पडली होती. आधी तेलावरच्या इंजिनाची, मग विजेची गिरणी आली. पहाटेचे कष्ट सरले, आणि त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार ज्यांनी कधी जाते ओढले नाही त्यांना नाही. अनेक गायिकांनी ध्वनिमुद्रणाच्या वेळी आठवून गायिले, दळण नसताना. आज राणीसावरगावच्या परिसरात ज्यांनी खरोखर दळता दळता ओव्या म्हटल्या, त्या स्त्रिया वयाने पुष्कळ पुढे गेल्या आहेत. प्रत्येकीच्या नातवंडाच्या हातात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. मात्र एकटीला बसवून विचारले तर ओवी अर्धीच आठवते. उचलणारी समोर असेल तर पुढची आपोआप येते. म्हणून बोलवायचे तर दोघींना बोलवावे, आणि शक्य असेल तर मध्ये जाते ठेवावे, रिकामे असले तरी चालेल.