हाताचा वाटा

उजव्या हाताला कंप सुटला आणि शेपटीच्या शिरेतून रक्त घ्यायचं काम माझ्या विद्यार्थिनीकडे गेलं. उंदीर धरल्यापासून साधारण तीन मिनिटांत नमुना हवा. त्यापुढे चढणाऱ्या कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकामध्ये धरणाऱ्या हाताचा वाटा मिसळतो. ॲड्रिनॅलिन तर तेवढीही सवड देत नाही, काही सेकंदांतच उसळतं.

मला वर्षानुवर्षं छळते ती वजाबाकी. ओव्हाल्ब्युमिन या अंड्यातल्या प्रथिनाने सेन्सिटाइझ केलेल्या उंदराला त्याच प्रथिनाचा पुन्हा डोस, म्हणजे चॅलेंज, दिला की हिस्टामिन सुटतं, रक्तदाब कोसळतो, आणि दोन्हींमुळे ॲड्रिनल ग्रंथी चेतते. सोबत सलाइनचा गट ठेवायचा, त्याचा आकडा वजा करायचा, उरेल ते ॲलर्जीचं. पण ग्रंथीच्या स्रावाला वरची मर्यादा असते. हाताच्या धास्तीनंच ती तिथवर पोचली असेल, तर ॲनाफिलॅक्सिसला, म्हणजे ॲलर्जीच्या त्या तीव्र झटक्याला, चढायला जागा कुठे उरते? मग ‘फरक आढळला नाही’ असं छापून येतं. पूर्वी ईथर देऊन रक्त घेत. पण ईथर स्वतःच एसीटीएच, म्हणजे ॲड्रिनलला चेतवणारं संप्रेरक, वाढवतं.

हल्ली एलायझा किट आणतात, दशांशापर्यंत आकडे देतात, पण नमुना किती वाजता घेतला ते लिहीत नाहीत. उंदीर निशाचर, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन अंधार पडण्याच्या सुमारास शिखर गाठतं. सकाळ-संध्याकाळचे नमुने एकाच तक्त्यात दिसले की मला संताप येतो. ॲड्रिनल काढलेला उंदीर ॲनाफिलॅक्सिसमध्ये सहज दगावतो. जगण्या-मरण्याशी बांधलेला आकडा असा निष्काळजीपणे घेऊ नये.

मानेच्या शिरेत आधीच कॅथेटर बसवून, जनावर सावरल्यावर पिंजऱ्याबाहेरून चॅलेंज द्यावा नि रक्तही घ्यावं, हा मार्ग मला ठाऊक होता. त्यात हाताचं कसब दिसत नाही, म्हणून मी त्याला मनातून कमी लेखत आलो. माझ्या हातात उंदीर शांत राहतो, हा माझा अभिमान होता. आता विद्यार्थिनीचे बेसल आकडे माझ्यापेक्षा कमी येतात. आनंद होतो, पण आधी पोटात दुखतं.

कॅथेटरचा प्रस्ताव तिनंच एथिक्स कमिटीसाठी लिहिला. एकाच जनावराचे आधीचे नि नंतरचे नमुने मिळतील, जनावरंही कमी लागतील. मी सही केली. तरी पहिलं कॅथेटर बसवताना तिनं मला हाक मारावी, असं वाटतंच.