दोन टोकं आणि मधलं कापड

डॉप्लर करणाऱ्या मॅडम माझ्या ओटीपोटाच्या डाव्या अंगाला प्रोब फिरवताना दोन जागी हमखास रेंगाळतात. मधला भाग मात्र झरकन उरकतात. उपाशीपोटी जायचं, कारण आतड्यात गॅस असला की तिथली धमनी नीट दिसत नाही. गार जेल, मशिनचा शूक्‌ शूक्‌ आवाज, सगळं आता अंगवळणी पडलंय. पण त्या दोन जागी एवढं काय बघतात, हे कळायला सर्जनसाहेबांनाच धरावं लागलं.

पायाकडे रक्त नेणारी माझी इलियॅक धमनी बंद पडत आली होती. चौकापर्यंत गेलो की मांडी-पोटरी अशी धरायची की वाटेतल्या दुकानांच्या पाट्या पाठ झाल्या. जांघेतून तार घालून स्टेंट बसवला, तोही कापड चढवलेला. कापड म्हणजे टेफ्लॉनच्याच जातीचं, अतिसूक्ष्म छिद्रांचं. साध्या स्टेंटच्या जाळीतून धमनीच्या भिंतीतल्या पेशी आत शिरतात आणि कधीकधी वाढून पुन्हा वाट अडवतात. कापड त्यांना थोपवतं.

“पण त्याच जाळीतून येऊन पेशी साध्या स्टेंटवर अस्तरही धरतात,” साहेब म्हणाले. “तुमच्याकडे ती वाट बंद.” त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर नळी काढली. कापडाला रक्त लागलं की प्लेटलेट आणि फायब्रिनचा थर बसतो. मग दोन्ही टोकांकडून धमनीच्या अस्तराच्या पेशी कापडावर सरकू लागतात, सोबत स्नायूपेशी. पेनने त्यांनी टोकाशी जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर रंगवलं आणि थांबले.

“आणि मधे?” बायकोने विचारलं.

“मधे कापडच. वर फायब्रिनचा थर. वर्षानुवर्षं.”

“म्हणजे भरून आलंच नाही म्हणायचं!”

प्राण्यांवरच्या प्रयोगांत म्हणे हे अस्तर कितीतरी लवकर धरतं. या बाबतीत डुक्कर माझ्यापेक्षा सरस निघालं!

म्हणजे माझ्या धमनीचं दुखणं दुहेरी. टोकांशी भर जास्त झाली तर ती अरुंद होणार, म्हणून प्रोब तिथे थांबतो. मधे अस्तर नाही, तिथे गुठळी धरायची भीती, म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. दाराची कडी जरा लागली तरी हातावर जांभळा डाग. दाढ काढायची वेळ आली तेव्हा डेंटिस्ट म्हणाले, गोळ्या थांबवून या. साहेबांनी फोनवर साफ नकार दिला. गोळ्या चालू ठेवूनच दाढ निघाली. टाका घालून, कापूस दाबून बराच वेळ खुर्चीत बसवून ठेवलं, एवढंच.

आता क्लोपिडोग्रेल सुटली, अ‍ॅस्पिरिन जन्माची. ताज्या रिपोर्टात खालच्या टोकाशी रक्ताचा वेग थोडा वाढलाय. फार अरुंद झालं तर फुग्याने रुंद करता येतं. अजून ती वेळ नाही. साहेबांचा पहिला प्रश्न दरवेळी तोच, “सिगारेट बंद आहे ना?” पुढचा डॉप्लर ऐन दिवाळीत येत होता. तो पुढे ढकलून घेतला. फराळाच्या दिवसांत माझ्या पोटातल्या गॅसचा काही भरवसा नाही.