मिरजेतला मे महिना

मिरज जंक्शनवर उतरणारा पाहुणा पूर्वापार दोन कारणांनी येतो, दवाखान्यासाठी नाही तर गाण्यासाठी. या गावात दोहोंचे नाते जुने आहे. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर (जन्म १८७२) यांच्या डोळ्यांना बालपणी फटाक्याने इजा झाली आणि उपचारासाठी त्यांना मिरजेस आणले गेले. दृष्टी पुरती परतली नाही. पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम लाभली आणि तिला संस्थानच्या अधिपतींचा आश्रय मिळाला. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारा गवई असा घडला. संस्थाने गेली. गाणाऱ्या मुलांच्या उन्हाळी शिबिराचा भार आता पुष्कळ घरांत आजोबांच्या निवृत्तिवेतनावर येतो.

आमच्या नातवाच्या निमित्ताने आम्ही उभयता तीन आठवडे येथे राहिलो. थंड हवेच्या ठिकाणचे दहा दिवसांचे एक निवासी शिबिर समोर होते. त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागली असती. खर्चापेक्षाही त्याचे वेळापत्रक खटकले. दिवसाचे सहा तास समूहगायन आणि अखेरीस रंगमंचावर कार्यक्रम! मुलगा चौदा वर्षांचा, आवाज फुटू लागलेला. या वयात मुलांच्या स्वरयंत्राची वाढ झपाट्याने होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. अशा काळात वरच्या पट्टीत ताणून गाणे गळ्याला पेलत नाही. म्हणून शिबिर निवडताना आम्ही शुल्काआधी एवढेच विचारले, की एका गुरूकडे किती मुले असतात आणि आवाज फुटलेल्या मुलाला कोणत्या पट्टीत गायला लावतात. दुसऱ्या प्रश्नावर जे गोंधळले, ती नावे आम्ही वगळली.

मिरजेतल्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी नातवाची काळी चारची पट्टी सोडवून त्याला काळी एकमध्ये खर्ज लावायला बसवले. सकाळी तास-दीड तास गाणे, मधून मधून पाणी, दुपारी केवळ श्रवण. मुलगा आरंभी रुसला; वरचे स्वर गेल्याचे दुःख त्याला खरोखरीच झाले होते. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, असे गुरुजींनी आपण होऊन सांगितले. खोलीचे भाडे, घरचे जेवण आणि गुरुदक्षिणा मिळूनही खर्च त्या निवासी शिबिराच्या निम्म्यावर राहिला. (दहा ते चौदा वर्षांच्या कलावंत मुलांसाठी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती असते, ज्यांची नातवंडे अजून लहान आहेत, त्यांनी अर्जाची चौकशी वेळेवर करावी.)

ज्येष्ठांनी मात्र येथला उन्हाळा हलका समजू नये. अकरा ते चार आम्ही घरातच काढत असू. सायंकाळी मिरासाहेबांच्या दर्ग्यात जात असू. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांची कबर याच आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ येथे दरवर्षी गायनवादन होते. तेथल्या फरशीवर नातू तास तास गप्प बसे. आम्हाला गुडघ्यांमुळे भिंतीचा आधार लागे.

तानपुरा घेण्याचे मनात होतेच. शिकलगार घराण्यांनी शस्त्रे घडवणे सोडून येथे तंतुवाद्ये करायला घेतली, त्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारमेकर गल्लीत भोपळे टांगलेल्या एका दुकानात आम्ही किंमत विचारली. वृद्ध कारागिराने नातवाला ‘सा’ लावायला सांगितले, ऐकले आणि हातातला तानपुरा बाजूला ठेवला.

“आजोबा, पोराचा आवाज ठरू द्या की आधी. बायकी तानपुरा आज घ्याल, दोन वर्षांनी मर्दानी लागंल. तवर मोबाईलवरचा चालतोय.”

मर्दानी तानपुऱ्याचा भोपळा मोठा, दांडी लांब आणि किंमतही चढी असते. पैसे पिशवीतच राहिले. परतीच्या गाडीत नातवाने मोबाईलवर काळी एकचा षड्ज लावला, कानाशी धरला आणि मिरज मागे पडेपर्यंत तो तोंडातल्या तोंडात खर्ज घोकत होता.